आजोबांची १९६६ ची फियाट : व्हिंटेज पासिंग करावं की थोडी कस्टम करावी?

महालवाली

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरामागे टिनाच्या शेडखाली आजोबांची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. पहिली नोंदणी १९६६ ची. आजोबा गेल्यापासून कोणी चालवलेली नाही. टीसी बुक, म्हणजे गाडीचं जुनं नोंदणीपुस्तक, सापडलं. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, पण गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वच्छ वाचता येतात. गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे.

घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल. आई म्हणते हात लावायचा नाही. धाकटा भाऊ रोज मोबाइलवर कस्टम गाड्या दाखवून राहिला: मारुतीचं इंजिन, समोर डिस्क ब्रेक, अलॉय व्हील, एसी, मॅट ग्रे रंग, आणि वरून तो नवा 'व्हीए' वाला व्हिंटेज नंबर. त्याच्या हिशेबानं गाडी पन्नासच्या वर गेली म्हणजे व्हिंटेज, आणि व्हिंटेजला सगळं माफ.

हे कितपत खरं आहे? आणि सुरुवात कुठून करायची, गॅरेजपासून की आरटीओपासून?

काळाकोट

ताई, भावाची यादी आणि भावाचा नंबर, दोन्ही एका गाडीवर बसत नाहीत.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी हे नियम आले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ रूपात जपलेली हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल झालेला नको. मारुतीचं इंजिन बसवलं त्या दिवशी व्हीएचा दरवाजा बंद.

अर्ज परिवहन पोर्टलवरून, नमुना २० मध्ये. सोबत विमा आणि जुनं आरसी, म्हणजे तुमचं टीसी बुक. राज्याची समिती गाडी तपासते आणि साठ दिवसांत नमुना २३ए मध्ये प्रमाणपत्र देणं अपेक्षित आहे. शुल्क वीस हजार, वैधता दहा वर्षं, पुढच्या फेरनोंदणीला पाच हजार. नंबर म्हणजे एमएच, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि आजोबांचा नंबर असेल तर मी तोच ठेवेन.

आता मुख्य गोष्ट. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि तिथं जाणं-येणं, एवढंच. रविवारी फुटाळा तलावावर आइस्क्रीम खायला नेली तर ती रॅली होत नाही.

तर्रीपोहे

फुटाळ्यावर कोण विचारते बाप्पा? माझ्या मित्राची जीप बघा. सात सीट, रुंद टायर, छतावर लाइटची माळ. वर्धा रोडवर रोज फिरते. आजवर पावती नाही फाटली.

काळाकोट

पावती न फाटणं आणि कायदेशीर असणं, यांत अंतर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द तुमच्या मित्राला वाचून दाखवा आणि मग त्याच्या जीपवरचे लाइट मोजा.

सूट कुठे आहे? सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवणं, आणि दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल. दोन्हींची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. रंग बदललात तरी आरसीवर रंगाची नोंद असते, ती बदलावी लागते. मॅट ग्रे करायला बंदी नाही. गुपचूप करायला आहे.

आणि अपघात झाला तर पोलिसांआधी विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. आरसीवर १०८९ सीसीचं इंजिन आणि बॉनेटखाली दुसरंच निघालं, तर पुढचा पत्रव्यवहार किती वर्षं चालेल ते मी पैसे घेऊन सांगतो.

दहाबाराचापाना

ताई, मी कामठी रोडकडे याच कामात आहे, जुन्या फियाटा आणि अ‍ॅम्बेसिडर जास्त. कायदा वकीलसाहेब पाहून घेतील, मी लोखंडाचं सांगतो.

पहिली गोष्ट भावाले सांगा. या गाडीले चेसिस वेगळी नाही. जीपसारखी खाली सांगाडा आणि वर डबा, असं नसते. फियाट ११०० ची बॉडीच चेसिस आहे. अ‍ॅम्बेसिडरचंही तसंच. दुसरं इंजिन बसवाले समोरचा पत्रा कापला, माउंटिंग वेल्ड केलं, टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा फुगवटा) ठोकून मोठा केला, का झाला गाडीच्या पाठीच्या कण्याले हात. कायद्यात नसतं तरी मी म्हटलं असतं नको.

दुसरी गोष्ट, गॅरेजात नेण्याआधी घरीच तपासा. एक लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा म्हणजे रंग नाही खरवडणार. दरवाजाखालच्या पट्टीवर, चाकाच्या कमानीवर, डिकीच्या कोपऱ्यावर फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. मग आतली मॅट उचला. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणटण वाजला तर ठीक. भसभस आवाज आला तर टोकानं दाबून पाहा, आरपार जाईल. महालात पावसाचं पाणी अंगणात थांबते का? थांबत असेल तर मले उत्तर आत्ताच माहीत आहे.

तिसरी गोष्ट ब्रेक. चारही चाकांले ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं का ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलते तो) सिंगल सर्किटचा. म्हणजे एका चाकाचं रबर फुटलं का पेडल सरळ जमिनीले. चारही ब्रेक एका झटक्यात गेले. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी ओढते आणि सिलिंडर आतून खड्डे पडून खराब होतात. इंजिन सुरू करायची घाई सगळ्यांले असते. मी म्हणतो इंजिनाले महिनाभर हात नका लावू. आधी चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज नवे टाका आणि मग किल्ली फिरवा.

सेमिनरीहिल्स

@दहाबाराचापाना भाऊ, मग सुरक्षिततेसाठी समोर डिस्क करणं चांगलंच ना? हे तर कोणी फॅशनसाठी करत नाही.

दहाबाराचापाना

चांगलं आहे, पण पुरं करणार असाल तर. लोक काय करतात, समोर डिस्क लावतात आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवतात. ड्रमच्या मास्टर सिलिंडरात एक वाल्व असतो. तो लाइनीत थोडं प्रेशर धरून ठेवते, ड्रमले ते लागते. डिस्कले ते चालत नाही. पॅड घासत राहतात, तापतात, आणि मे महिन्यात आपल्याकडं चौकात उभं राहिलं तरी चाकातून वास येते. शिवाय डिस्कले ऑइल जास्त ढकलावं लागते, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) जुळत नाही, पेडल लांब जाते. म्हणजे खर्च करून ब्रेक पहिल्यापेक्षा वाईट.

माझं मत: ड्रम नीट ठेवा, लायनिंग चांगलं लावा, जमलं तर मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा करा. त्यानं बाहेरून गाडी तशीच दिसते आणि एक लाइन फुटली तरी दोन चाकं थांबतात. ही गाडी साठच्या स्पीडसाठी चांगली आहे. ऐंशीले नेऊच नका.

काळाकोट

यात कायद्याचं एवढंच जोडतो. व्हिंटेजच्या व्याख्येत नाव घेतलं आहे ते चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनाचं. ब्रेकचं नाही. पण गाडी पाहणार समिती, आणि 'मूळ रूप' हे शब्द तिच्या हातात आहेत. म्हणून काढलेला प्रत्येक जुना भाग डब्यात भरून, चिठ्ठी लावून ठेवा.

डेट्रॉइटचापोट्टा

मी धरमपेठेतला, सध्या अमेरिकेत. भाऊ जे व्हिडिओ पाहतो त्यातले बरेच इकडचे असणार, म्हणून इकडचं सांगतो.

इथं बऱ्याच राज्यांत 'स्ट्रीट रॉड' आणि 'कस्टम व्हेइकल' असे नोंदणीचे वेगळे वर्गच आहेत. साधारण १९४८ पर्यंतची, पण बदललेली गाडी म्हणजे स्ट्रीट रॉड. त्यानंतरच्या मॉडेलची, किमान पंचवीस वर्षं जुनी आणि बदललेली ती कस्टम. बॉडी ज्या सालासारखी दिसते ते साल आरसीवर येतं, मग आत इंजिन कुठलंही असो. बदल्यात वापरावर मर्यादा: प्रदर्शन, क्लबचे कार्यक्रम, परेड, अधूनमधून फेरफटका. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण गाभा हाच.

ब्रिटनमध्ये तर उलट कडक. चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणी माफ आहे, पण गेल्या तीस वर्षांत मोठा बदल केला असेल तर माफी नाही. आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत फारच बदललेल्या गाडीची मूळ ओळख जाऊन 'क्यू' नंबर मिळू शकत होता.

भारतात मधला वर्ग नाही, एवढाच फरक. एकतर मूळ रूपात, नाहीतर साधी खासगी गाडी आणि तिला कलम ५२.

तर्रीपोहे

म्हणजे अमेरिकेत भावाचं सगळं बसते. पाठवून द्या गाडी.

महालवाली

😀 गाडी नाही, भावालाच पाठवते.

वकीलसाहेब, व्हिंटेज न करता साधं पासिंग नूतनीकरण केलं तर रोज चालवता येईल का? काकू सांगत होत्या की पंधरा वर्षांवरच्या गाड्या आता बंदच आहेत.

काळाकोट

काकूंनी दिल्लीची बातमी ऐकली असणार. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागाची, आणि तिथंही सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ती सैल केली. नागपुरात खासगी गाडी तपासणीत पास झाली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, नमुना २५. मात्र ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारसाठी ते शुल्क दहा हजार झालं आहे, आणि आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. तुमची फियाट कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणून दहाच. शिवाय पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत संपून गेलेल्या काळाचं विलंब शुल्क.

दहा वर्षांचा हिशेब मांडा. साधं पासिंग दोनदा, दहा-दहा हजार. व्हिंटेज एकदा, वीस हजार. मुख्य शुल्क सारखंच. तेव्हा पैशावरून ठरवू नका, गाडी कशासाठी हवी आहे यावरून ठरवा. महिन्यातून दोनदा गावात फिरवायची असेल तर साधं पासिंग. वर्षातून चार रॅल्या आणि बाकी वेळ कापडाखाली ठेवायची असेल तर व्हीए.

दोन्हींच्या आधी मालकी. मालक वारला की नमुना ३१, मृत्यू दाखला, वारसांचे कागद, बाकी वारसांची संमती. आत्या, काका सगळ्यांच्या सह्या लागतील. माझ्या अनुभवात गाडीचं काम रखडतं ते इथं. पुट्टी नंतर.

इतवारीकर

एक भर. इतक्या जुन्या गाडीचा रेकॉर्ड ऑनलाइन नसण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या रजिस्टरवरून 'बॅकलॉग' एन्ट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय पोर्टल तुमचा नंबरच ओळखत नाही. टीसी बुकाची प्रत्येक पानाची स्कॅन काढा, कोरी पानं धरून. शिक्के आणि कर भरल्याच्या नोंदी मागच्या पानांवर असतात.

चेसिस नंबरवर रंगाचे थर असतील तर सॅंडपेपर मारू नका. थिनर आणि मऊ कापड. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवायचं, नंबर उठतो. ते ट्रेसिंग तपासणीच्या वेळी मागतात. एखादा अंक गंजून गेला असेल तर तो स्वतः पंच करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. परवानगीशिवाय पंच केलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय.

आमच्याकडे १९५४ ची डुक्कर फियाट (जुन्या ११०० चं टोपणनाव) होती. तिच्या कागदावर मध्य प्रदेश. आरटीओतल्या नव्या पोरांना वाटलं गाडी जबलपूरची आहे. अरे बाबा, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूरच मध्य प्रदेशात होतं, राजधानी होती! मग मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र. ज्यांच्याकडे पन्नाशीच्या दशकातली गाडी आहे त्यांनी हा इतिहास अर्जासोबत तोंडपाठ ठेवावा.

सेमिनरीहिल्स

मे महिन्यात या गाड्या चालतात तरी का? आमच्या काकांची प्रीमियर पद्मिनी कार दर उन्हाळ्यात व्हेरायटी चौकात बंद पडायची. मागून हॉर्न, आणि काका बॉनेट उघडून उभे.

दहाबाराचापाना

व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनाले चिकटून असते, पंचेचाळीस डिग्रीत पेट्रोलची लाइनीतच वाफ होते आणि वाफ पंपाले ओढता येत नाही. जुने लोक पंपावर ओलं फडकं ठेवत, पाण्याची बाटली सीटखाली असेच. आजही तेच चालते. लाइन एक्झॉस्टपासून दूर न्या, रेडिएटर एकदा खोलून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईनं साफ) करून घ्या, फॅनची पाती शाबूत आहेत का पाहा. यात कुठला नियम आडवा येत नाही. एसीचं नाव काढू नका. त्या रेडिएटरले स्वतःचंच इंजिन झेपत नाही.

पीयूसीची भीती नको. या वयाच्या पेट्रोल कारले कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के आणि हायड्रोकार्बन पंधराशे पीपीएमची मर्यादा आहे. कार्बोरेटर आणि इग्निशनचे पॉइंट नीट लावले तर आरामात बसते. सहा महिन्यांनी पुन्हा.

वरातीचाघोडा

आमचा लग्नाच्या डेकोरेशनचा धंदा आहे. ताई, व्हिंटेज करून घेतली तर सीझनमध्ये नवरदेवासाठी द्याल का? चांगले पैसे मिळतात.

काळाकोट

व्हिंटेज नोंदणीत व्यापारी वापर स्पष्ट मना आहे. साध्या खासगी पासिंगवर भाड्यानं देणं म्हणजे विनापरवाना वाहतूक. घरच्या लग्नात नवरदेव म्हणून भाऊ बसला तर आनंद आहे, भाडं देऊन परका बसला तर नाही.

वरातीचाघोडा

सगळेच करून राहिले साहेब.

काळाकोट

त्यातल्या कोणाचा अपघात झाला की मला फोन येतो.

महालवाली

सीट बेल्टचं काय? आई म्हणते बेल्ट नसेल तर मी बसणार नाही.

दहाबाराचापाना

आईचं बरोबर आहे. तेव्हा बेल्ट येतच नव्हते. पुढच्या सीटचे बेल्ट आपल्याकडं १९९४ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीले कायदा जबरदस्ती करत नाही, पण स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडं रोखलेला आहे आणि डॅशबोर्ड लोखंडाचा, हे विसरू नका. बेल्ट लावा, पण नट-बोल्ट नुसत्या पत्र्यात नका कसू. आतून-बाहेरून जाड प्लेट टाका, तीही चांगल्या पत्र्याच्या जागी. सडक्या फ्लोअरले बांधलेला बेल्ट धक्का बसला का बोल्टासकट तुमच्यासोबत येते.

आणि समृद्धी महामार्गावर नेऊ नका. लोक फोटोसाठी नेतात. तिथं एकशे वीसची लेन, काँक्रीट तापलेलं, आणि याचे ५.२०-१४ चे जुने नायलॉन टायर. टायरवर नक्षी दिसते म्हणून टायर चांगला नसतो. बाजूला बारीक भेगा पाहा.

इतवारीकर

विम्याचं कोणी बोललं नाही. थर्ड पार्टी तर लागतोच. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला जून २०२२ पासून थर्ड पार्टी हप्त्यात पन्नास टक्के सूट आहे, एजंटला माहीत नसेल तर सांगा. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात घोळ आहे. विम्याच्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये (दरपत्रकात) व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली. म्हणजे तुमची फियाट एका नियमात व्हिंटेज आणि दुसऱ्यात नुसती जुनी. गाडीची किंमत काय लिहितात ते पॉलिसी घेण्याआधी बघा, नाहीतर दहा हजार लिहून मोकळे होतात.

महालवाली

चुंबक फिरवलं. दरवाजाखालची डावी पट्टी पूर्ण पुट्टी. डिकीचा एक कोपरा गेला आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र टणटण वाजतं, उजव्या मागच्या बाजूला नाही. पाणी तिकडेच थांबतं, दहाबारा भाऊ, तुम्ही बरोबर ओळखलं.

घरात ठरलं ते असं. मारुतीचं इंजिन रद्द, भाऊ दोन दिवस रुसला. साधं पासिंग करायचं, कारण आईला देवळात जायला गाडी हवी आहे, प्रदर्शनात ठेवायला नाही. इंजिन मूळच ठेवणार, म्हणजे पुढे कधी व्हीए करावंसं वाटलं तर वाट बंद होणार नाही. बाबांनी आत्याला फोन केला आहे. आत्या म्हणाली सही देईन, पण पहिल्या चकरीत मी पुढे बसणार. काकांचा फोन लागत नाही.

समोरच्या काचेचं रबर पार वाळून तडकलं आहे. पद्मिनीचं बसेल का?

दहाबाराचापाना

बसते. डिलाइट आणि पद्मिनीचं शरीर एकच. पण आता लवकर शोधा. मुंबईत शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हापासून सामान खपणारं गिऱ्हाईकच कमी झालं आणि दुकानदार जुना माल काढून टाकून राहिले. रबर घेताना वाकवून पाहा. वर्षानुवर्षं फडताळात पडलेलं नवं रबरही कडक होते. काचेचं बीडिंग, दरवाजाच्या पट्ट्या आणि व्हील सिलिंडरची किट एकदमच उचला, दोन-दोन जोड्या.

इतवारीकर

आणि फोटो टाका! फक्त नंबर प्लेट, चेसिस नंबर आणि टीसी बुकावरचं आजोबांचं नाव झाकून टाका. जुन्या नंबरांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात.